पोर्ट ऑफ स्पेन (त्रिनिदाद) : आईबाबा आणि मुलांसोबत जायचं आहे, माहिती हवी

मुळामुठा
नमस्कार मंडळी. मार्चअखेर मुलांना (वय १३ आणि ९) शाळेला सुट्टी आहे. आईबाबा पुण्याहून आमच्याकडे न्यू जर्सीला आलेत, मेच्या मध्यापर्यंत आहेत. सगळ्यांनी मिळून कुठेतरी उबदार ठिकाणी जावं असं घाटतंय. मी बहामा, कॅनकून बघत बसले होते, तर बाबा म्हणाले, "कॅरिबियनला जायचंच असेल तर पोर्ट ऑफ स्पेनला जाऊ." बाबा ७३ वर्षांचे. १९७१ साली वाडेकरांच्या संघाने तिथे वेस्ट इंडिजला हरवलं तेव्हा ते नुकते कॉलेजात गेले होते. त्या मालिकेतली प्रत्येक धावसंख्या त्यांना पाठ आहे. त्यांनी स्वतःहून कुठे जायचं नाव काढलंय असं फारसं होत नाही, त्यामुळे तिथेच जायचं हे मी ठरवून टाकलंय.

आई पूर्ण शाकाहारी, अंडंही खात नाही. गुडघे दुखतात, फार चालवत नाही. चार-पाच दिवस मिळतील. राहायचं कुठे, फिरायचं कसं, आईच्या जेवणाचं काय, आणि मुलं कंटाळणार नाहीत ना? व्हिसाचंही कुणी सांगा. आईबाबांकडे भारतीय पासपोर्ट आणि अमेरिकेचा पर्यटक व्हिसा आहे.

फिरस्ता
बाबांना माझा नमस्कार सांगा. कामानिमित्त काही वर्षं त्रिनिदादला होतो, पॉइंट लिसासच्या औद्योगिक वसाहतीत. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

त्रिनिदाद हे पर्यटकांसाठी सजवलेलं बेट नाही. देश चालतो तो तेल आणि नैसर्गिक वायूवर. त्यामुळे राजधानीत किनाऱ्याला लागून रिसॉर्टची रांग वगैरे मिळणार नाही. शहराचा समुद्र म्हणजे पारियाचं आखात, तिथे बंदर आहे, पोहायला कुणी जात नाही. हे आधीच माहीत असलेलं बरं, म्हणजे मुलांचा हिरमोड होत नाही. बदल्यात काय मिळतं? एक खरंखुरं, गजबजलेलं शहर, आणि तासाभराच्या टापूत जंगल, खाजण, देवळं, समुद्रकिनारा सगळं.

राहायला सेंट क्लेअर, वुडब्रुक किंवा क्वीन्स पार्क सव्हानाच्या आसपास बघा. सव्हाना म्हणजे शहराच्या उत्तरेला असलेलं साधारण २६० एकरांचं मोकळं मैदान. १८१७ मध्ये उसाच्या मळ्याची जमीन विकत घेऊन ते झालं. भोवतीचा रस्ता साडेतीन किलोमीटरच्या आसपास आहे आणि वाहतूक एकाच दिशेने चालते, म्हणजे हॉटेल अगदी समोर दिसत असलं तरी गाडीला अख्खी प्रदक्षिणा घालावी लागू शकते. पश्चिमेच्या कडेला सात जुन्या हवेल्या ओळीने उभ्या आहेत, विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या. त्यांतलं क्वीन्स रॉयल कॉलेज नीट बघा, लेखक नायपॉल आणि देशाचे पहिले पंतप्रधान एरिक विल्यम्स दोघंही तिथलेच विद्यार्थी. आईंना चालायला नको, गाडीतून हळूहळू सगळ्या हवेल्या दिसतात. उत्तरेला १८१८ सालचं वनस्पती उद्यान आहे, तिथे बाकं आहेत, सावली आहे, शेजारीच प्राणिसंग्रहालय. एक सकाळ तिघांचीही (आजी, आजोबा, धाकटं) छान जाईल.

मार्चअखेर म्हणजे कोरडा ऋतू. नशिबात असेल तर सव्हानावरचे पोई वृक्ष फुललेले दिसतील, पिवळे आणि गुलाबी, झाडावर पान नाही नुसती फुलं. ईस्टरच्या सुमारास तिथे पतंगही खूप उडतात.

साखरझोप
माहिती छान, पण एक विचारू का? तिथे मध्यंतरी आणीबाणी जाहीर झाली होती ना? ज्येष्ठ नागरिक आणि मुलं बरोबर असताना मी तरी दहादा विचार करेन.

फिरस्ता
साखरझोप, विचारलंत ते बरं केलंत, ही बाजू झाकून ठेवण्यात अर्थ नाही. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस आणीबाणी लागली होती, पुन्हा २०२५ च्या जुलैमध्ये लागली. कारण टोळ्यांमधल्या खुनाखुनी. त्यातली बरीचशी हिंसा राजधानीच्या पूर्वेकडच्या ठरावीक वस्त्यांत असते, लावँटिल, बीथम, सी लॉट्स. पाहुण्याचं तिकडे काम नसतं. पण लुटालूट कुठेही होऊ शकते, म्हणून काही गोष्टी कटाक्षाने पाळायच्या. अंधार पडल्यावर सव्हानावर पायी फिरायचं नाही. दागिने घरी. नकाशाच्या ॲपने जवळचा म्हणून दाखवलेला कुठलाही रस्ता धरायचा नाही. लेडी यंग रोडवरून शहर फार सुंदर दिसतं, पण तिथे थांबायचं ते दिवसा आणि ओळखीच्या चालकाबरोबर.

गाडी स्वतः चालवू नका असंच माझं मत. वाहतूक आपल्यासारखी डावीकडून आहे, पण जर्सीत उजवीकडून चालवायची सवय झाल्यावर उत्तर किनाऱ्याची वळणं अवघड जातात. हॉटेलला सांगून दिवसभरासाठी चालक ठरवा. अधिकृत भाड्याच्या गाडीची नंबरप्लेट 'एच' ने सुरू होते. 'पी' वाली खाजगी गाडी कुणी भाड्याने देऊ केली तर नम्रपणे नाही म्हणा. रंगीत पट्टा रंगवलेल्या मॅक्सी टॅक्सी (छोट्या बस) असतात, पट्ट्याच्या रंगावरून भाग कळतो, पण आईंना त्या चढ-उताराला सोयीच्या नाहीत.

निघायच्या आठवड्यात भारत आणि अमेरिका, दोन्ही देशांच्या सरकारी प्रवाससूचना वाचा आणि मगच बॅग भरा. परिस्थिती बिघडलेली दिसली तर सहल पुढे ढकलता येईल अशीच तिकिटं काढा.

हिरडा
मी डॉक्टर आहे, एका महत्त्वाच्या गोष्टीकडे लक्ष वेधते. पिवळा ताप, म्हणजे यलो फीव्हर. भारत सरकारच्या यादीत त्रिनिदाद आहे (त्याच देशाचं दुसरं बेट टोबॅगो नाही). त्रिनिदाद सोडल्यापासून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात तर लसीचं प्रमाणपत्र लागतं, नसेल तर विलगीकरणात ठेवतात. लस घेतल्यावर प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं. म्हणजे विमानतळावर जाता जाता टोचून घेतली असं चालत नाही.

आता तुमच्या बाबतीत : आईबाबा मार्चअखेर त्रिनिदादहून जर्सीला परत येणार आणि मेमध्ये पुण्याला जाणार. मध्ये सहा दिवसांपेक्षा कितीतरी जास्त काळ जातोय, त्यामुळे भारताच्या नियमासाठी लस लागणार नाही. नाहीतर हा प्रश्न खरोखर अवघड झाला असता, कारण ही जिवंत विषाणूची लस आहे आणि साठीनंतर पहिल्यांदा घेताना गंभीर दुष्परिणामांचा धोका वाढतो. अंड्याची ॲलर्जी असेल तरी चालत नाही. ज्यांना त्रिनिदादहून थेट भारतात यायचं आहे अशा वाचकांनी मात्र हे सगळ्यात आधी बघावं, तिकिटाच्याही आधी.

हे झालं कागदाचं. प्रकृतीच्या दृष्टीने, दाट जंगलात जायचा बेत असेल तर लसीबद्दल तुमच्या डॉक्टरांशी बोला. ज्येष्ठांना जंगलात नेऊच नका, हे सोपं. डास चावू न देणं सगळ्यांनाच लागू, डेंग्यू तिथेही आहे. पूर्ण बाह्या, पायमोजे, डास पळवायचं मलम. खाजणात संध्याकाळचा नौकाविहार केलात तर विशेष.

मुळामुठा
हिरडाताई, किती मोठं काम केलंत! यलो फीव्हरचं माझ्या गावीही नव्हतं. आईबाबांचं परतीचं तिकीट सहलीनंतर लगेचचं काढायचं असंही एकदा बोलणं झालं होतं. आता ते मेचंच ठेवते.

दर्याकिनारा
व्हिसा : भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी त्रिनिदादला ९० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. तरी जाण्याआधी त्यांच्या उच्चायुक्तालयाकडून खात्री करून घ्या. परतीचं तिकीट आणि हॉटेलचं आरक्षण कागदावर छापून ठेवा. आईबाबांचा अमेरिकेचा व्हिसा अनेकवार प्रवेशाचा आहे ना ते बघा, आणि परत आल्यावर अमेरिकेतला मुक्काम नव्याने मोजला जाईल असं गृहीत धरू नका. जवळच्या बेटांवर थोडे दिवस जाऊन आलं तर सहसा जुनीच मुदत पुढे चालू राहते.

न्यूयॉर्कच्या जेएफकेहून थेट विमानं आहेत, साधारण पाच तास. पियार्को विमानतळ शहराच्या पूर्वेला पंचवीसेक किलोमीटरवर. सकाळी शहराकडे येणारा रस्ता तुंबतो, दुपारी साडेतीननंतर शहराबाहेर जाणारा. विमानाची वेळ निवडताना हे डोक्यात ठेवा.

आता बाबांच्या विषयाकडे येतो, कारण मीही त्याच पंथाचा! क्वीन्स पार्क ओव्हल हे क्रिकेटचं मैदान वुडब्रुकला लागूनच आहे. १९७१ ची दुसरी कसोटी तिथलीच : सरदेसाई ११२, आणि पहिलाच सामना खेळणारा गावसकर ६५ आणि नाबाद ६७. वेस्ट इंडिजविरुद्ध भारताचा तो पहिला कसोटी विजय. पाचवी कसोटीही तिथेच, गावसकर १२४ आणि २२०. मालिकेत ७७४ धावा, त्याही चारच कसोट्यांत. एक दादरचा डावखुरा कर्णधार, एक मडगावचा फलंदाज, एक मुंबईचा एकवीस वर्षांचा पोरगा, आणि समोर सोबर्स. मग १९७६ ला त्याच मैदानावर ४०३ चं लक्ष्य गाठलं, चार गडी गमावून ४०६. त्रिनिदादच्या लोकांनी गावसकरवर कॅलिप्सो रचलं आणि अजूनही म्हाताऱ्या माणसांना ते येतं. आपल्या गोलंदाजांना धुणाऱ्या परक्या खेळाडूवर गाणं करणारे लोक आहेत हे. त्यासाठी तरी त्यांच्या घरी जाऊन यावं.

सामना नसताना आत सोडतात का हे दारावर विचारावं लागतं. मैदान खाजगी क्लबचं आहे. सकाळी जा, रखवालदाराला बाबांचं वय आणि १९७१ सांगा. उत्तरेच्या बाजूला हिरवे डोंगर थेट मैदानावर आल्यासारखे दिसतात, बाबांना ते छायाचित्रांतून ओळखीचं वाटेल. मुलांना सांगा की २०२३ च्या जुलैमध्ये भारत-वेस्ट इंडिजमधली शंभरावी कसोटी इथेच झाली आणि कोहलीने आपल्या पाचशेव्या आंतरराष्ट्रीय सामन्यात १२१ काढले. म्हणजे दोन्ही पिढ्यांची सोय झाली.

खारी_बिस्कीट
खाण्यावर कुणीच लिहिलं नाही अजून! मी टोरोंटोत राहते. शेजारीण त्रिनिदादची, तिच्याबरोबर तिच्या माहेरी जाऊन आलेय. तुमच्या आईंची काळजी सोडा, कॅरिबियनमध्ये शाकाहारी माणसाने कुठे जावं तर इथेच.

डबल्स. हा तिथला नाश्ता. हळद घातलेल्या पिठाच्या दोन मऊ तळलेल्या पुऱ्या (त्यांना तिथे 'बारा' म्हणतात), त्यावर रसरशीत चणे. गाडीवरचा माणूस हातात कागद घेतो, एका हाताने बारे उलगडून ठेवतो, दुसऱ्या हाताने चणे, मग काकडी, चिंच, कुचला (कैरीचं तिखट लोणचं), शेवटी मिरचीचा सॉस, आणि कागदाला पीळ देऊन पुढे करतो. सगळं मिळून काही सेकंदांचं काम. तिखट किती हे तो आधी विचारतो. "स्लाइट" म्हणायचं. तिथली मिरची आपल्या लवंगी खाणाऱ्यांनाही झेपत नाही, मुलांसाठी सॉस नकोच म्हणा. चण्यात बंदानिया घालतात, कोथिंबिरीच्या वासाचं पण जास्त उग्र लांब पान. सकाळी लवकर जा, चांगल्या गाड्यांवरचा माल संपतो.

जेवायला रोटीचं दुकान. ढालपुरी मागवा : पिवळी डाळ शिजवून, कोरडी वाटून, भाजलेलं जिरं घालून आत भरलेली असते, गूळ न घातलेल्या पुरणपोळीसारखी, आणि भाजी तिच्यातच गुंडाळून देतात. दुसरा प्रकार म्हणजे बसअपशट, तव्यावर चेपून चेपून फाडलेला लुसलुशीत पराठा. भाज्यांत भोपळा, आलू-चणा, बोडी (आपली चवळीची शेंग), भाजी (पालेभाजीला तिथेही भाजीच म्हणतात), आणि आंब्याची करी मिळते, ती चुकवू नका. फुलोरी म्हणजे डाळीच्या पिठाची भजी, चटणीबरोबर.

सावध राहायचं ते इथे : कॅलालू (पालेभाजीचा दाट रस्सा) शाकाहारी वाटतं, पण त्यात खेकडा किंवा खारवलेलं मांस असू शकतं. मॅकरोनी पायमध्ये अंडं असतं. प्रत्येक ठिकाणी विचारा, कुणी रागावत नाही. हिंदू कुटुंबांच्या दुकानांत शाकाहार म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही.

आणि दुकानात, टॅक्सीत, कुठेही शिरताना आधी "गुड मॉर्निंग", "गुड आफ्टरनून". त्याशिवाय थेट कामाचं बोललं तर माणसं तुटक वागतात. मुलांना आधीच शिकवून ठेवा.

गुलमोहर
माझं मत थोडं वेगळं. एवढं जाताय तर टोबॅगो का नाही? विमानाने वीस-पंचवीस मिनिटं. खरे स्वच्छ किनारे तिकडेच आहेत. दोन दिवस शहर, बाकी टोबॅगो असं करा, मुलं खूश होतील.

फिरस्ता
गुलमोहर, टोबॅगो सुंदर आहे यात वाद नाही. पण हातात चार-पाच दिवस, दोन ज्येष्ठ, पुन्हा सामानाची बांधाबांध, विमानतळ, नवं हॉटेल. आणि बाबा ज्यासाठी निघालेत ते पोर्ट ऑफ स्पेनमध्ये आहे. मुलांच्या समुद्रासाठी माराकासचा किनारा पुरतो. उत्तरेच्या डोंगरातून पाऊण-एक तासाचा रस्ता, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकनांनी बांधलेला, वाटेत खाली समुद्र दिसत राहतो. किनाऱ्यावर नारळ, आंघोळीची सोय आणि प्रसिद्ध 'बेक अँड शार्क', म्हणजे तळलेल्या पावात शार्क मासा (आईंना नुसता बेक, त्यात कोशिंबीर आणि चटण्या). लाटा जोरदार असतात, पाण्याला ओढ आहे, जीवरक्षकांनी लावलेल्या झेंड्यांच्या मधल्या पट्ट्यातच मुलांना सोडा. शनिवार-रविवार टाळा.

आता ज्यासाठी मला खरं लिहायचं होतं ते लिहितो.

३० मे १८४५ रोजी 'फतेल रझाक' हे जहाज कलकत्त्याहून निघून पोर्ट ऑफ स्पेनला लागलं, त्यावर सव्वादोनशेच्या आसपास माणसं होती. करारावर आणलेले मजूर, उसाच्या मळ्यांसाठी. गुलामगिरी संपल्यावर मळेवाल्यांना हात हवे होते. १९१७ पर्यंत सुमारे १ लाख ४० हजारांहून जास्त माणसं आली, बहुतेक बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातली. आज देशातले पस्तीस टक्क्यांच्या वर लोक त्यांचे वंशज आहेत. शहराच्या पश्चिमेला सेंट जेम्स भाग आहे, तिथल्या गल्ल्यांच्या पाट्या वाचत जा : कलकत्ता, मद्रास, लखनौ, पाटणा, बनारस. नायपॉलांचं घर तिथल्याच नेपॉल स्ट्रीटवर. मोहरमला याच सेंट जेम्समध्ये ताजिये निघतात आणि तासा वाजवायला हिंदू, मुसलमान, आफ्रिकी सगळे असतात.

एक अख्खा दिवस दक्षिणेला कारापिचैमा-वॉटरलूसाठी ठेवा. वॉटरलूला समुद्रातलं देऊळ आहे. सिवदास साधू नावाच्या मजुराने आधी किनाऱ्यावर बांधलं होतं, जमीन साखर कंपनीची होती म्हणून ते पाडलं गेलं आणि त्याला तुरुंगात टाकलं. बाहेर आल्यावर तो म्हणाला, जमीन कुणाची तरी असते, समुद्र कुणाचा नाही, आणि सायकलवरून दगड वाहून भरतीच्या पाण्यात भराव घालायला लागला. पुढची पंचवीसेक वर्षं तेच. सध्याची वास्तू १९९५ ची, भारतीयांच्या आगमनाला दीडशे वर्षं झाली तेव्हाची. देवळापर्यंत सपाट बांध आहे, आईंना अवघड नाही. जवळच भारतीय-कॅरिबियन संग्रहालय आहे, मजुरांची भांडी, शेतीची अवजारं, जुनी छायाचित्रं. छोटं आहे, पण घाई करू नका.

आणि कारापिचैमाला ८५ फुटी हनुमान, त्याच्या आवारात दत्तात्रेयाचं मंदिर. म्हैसूरच्या गणपती सच्चिदानंद स्वामींच्या परंपरेतलं, दाक्षिणात्य पद्धतीचं बांधकाम.

मुळामुठा
फिरस्ता, हे मी आईला मोठ्याने वाचून दाखवलं. ती दर गुरुवारी दत्ताचं करते, पुण्यात असली की नृसिंहवाडीची वारी चुकवत नाही. "तिकडे दत्तमहाराज आहेत हे मला आधी का नाही सांगितलंस" म्हणून माझ्यावरच चिडली. आतापर्यंत ती फक्त बाबांसाठी येणार होती.

पाचोळा
वाचतेय, धागा साठवून ठेवला. एक छोटी गोष्ट : मुलाकडे सैनिकी छापाची टोपी किंवा विजार असेल तर घरीच ठेवा. त्रिनिदादमध्ये सामान्य नागरिकांना तसे कपडे घालायला कायद्याने बंदी आहे, लहान मुलांनाही. आणि वीज अमेरिकेसारखी, ११५ व्होल्ट, प्लग तेच.

दर्याकिनारा
मोठ्या मुलाला संगीताची आवड असेल तर स्टीलपॅन ऐकवाच. तेलाच्या पिंपांपासून याच शहराच्या गरीब वस्त्यांत १९३०-४० च्या दशकांत तयार झालेलं वाद्य. कार्निव्हल (ॲश वेन्सडेच्या आधीचे सोमवार-मंगळवार) होऊन गेल्यामुळे मार्चअखेर पॅनयार्ड (स्टीलपॅन वाजवणाऱ्या बँडची सरावाची अंगणं) थोडे शांत असतात, तरी सराव चालू असतो. 'इन्व्हेडर्स' हा तिथला जुना बँड, त्यांचा यार्ड कुठे आणि सराव केव्हा ते विचारा. हॉटेलमधून फोन करवून घ्या.

मुळामुठा
तेरा वर्षांचा तबला शिकतो, त्याला आवडेलच. मग असं ठरवू का : पहिला दिवस सव्हाना, हवेल्या, उद्यान. दुसरा दिवस ओव्हल, सेंट जेम्स, संध्याकाळी पॅनयार्ड. तिसरा माराकास. चौथ्या दिवशी सकाळी कॅरोनी खाजणातले लाल पक्षी आणि मग वॉटरलू, दत्तमंदिर. पाचव्या दिवशी परत.

फिरस्ता
छान जमलंय, फक्त चौथा दिवस उलटा करा. कॅरोनीचे स्कार्लेट आयबिस सकाळी खाऊ शोधत पांगलेले असतात. संध्याकाळी ते रात्रीच्या मुक्कामाला खारफुटीच्या बेटावर परततात आणि नाव त्यासाठीच चारच्या सुमारास सुटते. आधी चिंचोळ्या खाडीतून नाव सरकते, फांदीवर वेटोळं करून झोपलेला अजगरासारखा बोआ नावाडी दाखवतो, मग पाणी एकदम रुंद होतं. नाव झाडांपासून लांब बांधतात, इंजिन बंद. आधी दोन-चार, मग थव्यांवर थवे येऊन बसतात आणि हिरवं बेट लाल होत जातं. राष्ट्रीय पक्षी आहे, एक डॉलरच्या नोटेवरही तोच. मुलांसाठी दुर्बीण न्याच, अंतर बरंच असतं. नाव उघडी, सपाट, बसायला बाकं, दोन-अडीच तास. आईंना टेकायला उशी न्या आणि आधी स्वच्छतागृहात जाऊन या.

तेव्हा सकाळी सातला निघून आधी वॉटरलू, मग संग्रहालय, मग दत्त आणि हनुमान. दुपारचं जेवण चगवानासला, शाकाहारी रोटीची दुकानं तिथे भरपूर. साडेतीनला कॅरोनी, ते चगवानास आणि पोर्ट ऑफ स्पेनच्या मधेच हमरस्त्याला लागून आहे. परत यायला अंधार होतो, पण चालक बरोबर असेल आणि संध्याकाळची गर्दी उलट दिशेने जात असेल.

दोन गोष्टी तपासा. ३० मार्च ही तिथे सार्वजनिक सुट्टी आहे, आणि गुड फ्रायडेला जवळपास सगळं बंद असतं. त्या दोन्ही तारखा चौथ्या दिवसावर येऊ देऊ नका. संग्रहालय रोज उघडं नसतं, त्यांना फोन करून मगच तो दिवस पक्का करा. जमलं तर तो दिवस गुरुवारचा ठेवा, आईंसाठी.

मुळामुठा
गुरुवारच धरलाय. उद्या तिकिटं काढते.